जुनापाणीची शिलावर्तुळे
उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकून आत दालन राखायचे आणि वर मातीचा उंचवटा रचायचा, ही नवाश्मयुगीन दफनपद्धती पश्चिम युरोपात रुजली व आयर्लंडमधील न्यूग्रेंज (सुमारे इ.स.पू. ३२००) हे तिचे ख्यात उदाहरण ठरले. महाराष्ट्रात तिच्याशी नाते सांगता येईल अशी स्मारके विदर्भात असली, तरी ती लोहयुगातील, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील आहेत. परभणी जिल्ह्यातील चारठाण्याची मंदिरे पाहून संरक्षित स्मारकाची जी कल्पना मनात ठसते, तिच्यात नागपूरजवळचे जुनापाणी मुळीच बसत नाही, कारण तेथे ना शिखर आहे ना शिल्प. आहेत ती काळ्या दगडाच्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे.

धोंडे कडेने मांडून आत माती व दगडगोट्यांचा भराव घातलेल्या या रचनेला शिलावर्तुळ म्हणतात. दालन येथे सहसा आढळत नाही. कर्नाटकातील कोप्पळ भागात मात्र, हिरे बेणकल येथे, ग्रॅनाइटच्या फळ्यांची शिलादालने उभी आहेत. ग्रॅनाइट तेथे फळ्यांसारखा सुटतो, तर दख्खनचा काळा दगड झिजून गोलसर धोंडे बनतो. तेव्हा या भेदामागे श्रद्धेइतकाच दगडाचा स्वभावही असावा.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये या वर्तुळांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे बा. कृ. थापर यांनी १९६१-६२ मध्ये शास्त्रीय उत्खनन केले. लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी भांडी (एकाच भाजणीत आतून काळी व बाहेरून तांबडी होणारी) आणि घोड्याशी निगडित अवशेष यांवरून या समाजाचे चित्र उभे राहते, शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे केलेल्या उत्खननांनी ते भरून आले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून जुनापाणीला १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, तर पुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. शेताच्या बांधावर सहज खपून जाईल असा धोंडा स्मारकाचा भाग आहे हे पटवणे मात्र कायद्यापेक्षा अवघड. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले असून त्यांच्या ओळींचा संबंध खगोलीय दिशांशी असावा, असे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया व त्यांचे सहकारी यांनी मांडले आहे. हे अनुमान खरे की खोटे, हे तपासता येते ते धोंडा मूळ जागी, मूळ दिशेला असेल तरच.