नदीकाठचा फ्लॅट : शेअर, पूररेषा आणि वारसा

जालना शहराच्या मधून कुंडलिका वाहते. एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा जालना. 1 मे 1981 रोजी जिल्हा झाला, 2023 मध्ये नगर परिषदेची महानगरपालिका झाली आणि शहर उंच इमारतींकडे वळू लागले. बाल्कनीतून नदी दिसेल, लिफ्ट असेल, दारावर चौकीदार असेल, अशा जाहिराती आता पुणे-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. आपले व्यापारी आणि कारागीर बांधव दुकानातली वा कारखान्यातली वीस-पंचवीस वर्षांची कमाई अशा एका फ्लॅटमध्ये घालतात. ज्यात आयुष्याची बचत जाते, तो माल नेमका काय आहे हे आधी समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आपण विकत काय घेतो?

सहकारी गृहनिर्माण संस्थेची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत गावदेवी येथे 1915 साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. आज महाराष्ट्रातील सोसायट्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात. या पद्धतीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते. सभासदाकडे संस्थेचे शेअर असतात, साधारणपणे पन्नास रुपयांचे दहा, आणि त्या शेअरला जोडलेला फ्लॅटचा हक्क असतो. शेअर सर्टिफिकेटवर छापलेली रक्कम पाचशेच, पण त्यामागे पन्नास लाखांचे घर असू शकते. म्हणून हा कागद दुकानाच्या गल्ल्यात नव्हे, तिजोरीत ठेवावा.

न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीच्या काठी 1931 साली बांधलेली रिव्हर हाउस ही इमारत अशीच को-ऑपरेटिव्ह आहे. बांधली तेव्हा रहिवाशांच्या बोटींसाठी तिला स्वतःचा धक्का होता. पुढे नदीकाठाने मोठा रस्ता झाला आणि धक्का गेला. नदीकाठ शेवटी सरकारच्या नियोजनाखाली असतो, हा धडा तिथेही मिळतो. तिथल्या अशा इमारतींत संचालक मंडळ मुलाखत घेऊन खरेदीदाराला नाकारू शकते, आणि या इमारतीने भल्याभल्यांना नाकारले आहे.

आपल्याकडे मंडळाची मर्जी इतकी चालत नाही. सभासदत्व नाकारायचे तर सबळ कारण द्यावे लागते. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. नकार मिळाला तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील करता येते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी बेकायदा नाही असा निकाल दिला. म्हणून जुना फ्लॅट घेताना बयाणा देण्याआधी सोसायटीचे उपविधी मागून वाचावेत. अर्जाची पोच घ्यावी, आणि नकाराची कारणे लेखी मागावीत.

दुसरा प्रकार 1970 च्या अपार्टमेंट कायद्याचा. त्यात फ्लॅट मालकाच्याच नावावर असतो आणि जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. इमारत कोणत्या कायद्याखाली आहे हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.

नदी शेजारी असली म्हणजे

मराठवाड्यात नदीचे पात्र वर्षातले बरेच महिने कोरडे दिसते. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याने टँकरवर दिवस काढले. कोरडे पात्र पाहून माणूस निर्धास्त होतो. पण 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर कोसळलेला पाऊस आपण पाहिला आहे. पुण्यात जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सुटले तेव्हा मुठेकाठच्या एकतानगरीतील सोसायट्यांत पाणी शिरले. तिथेही लोकांनी मेहनतीच्या पैशांनीच घरे घेतली होती.

यासाठी पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत नवी इमारत बांधता येत नाही. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला अटी आहेत. जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर वर असावी लागते. बिल्डर “नदी कधी इथपर्यंत येत नाही” म्हणाला तर त्यावर जाऊ नये. मंजूर नकाशावर दोन्ही रेषा दाखवायला सांगाव्यात, आणि तोच नकाशा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून पाहावा. तळमजल्याचा गाळा घेऊन माल साठवणाऱ्याने तर हे दोनदा पाहावे. घर पुसून कोरडे होते, पण भिजलेला कापड, कागद, सिमेंट किंवा बियाणे पुन्हा विकता येत नाही.

पैसा देण्याआधी

नवे बांधकाम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. ही व्यवस्था 1 मे 2017 पासून चालू आहे. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि फ्लॅट आठाहून अधिक असतील, तर नोंदणी सक्तीची आहे. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. भाव कार्पेट एरियावर ठरवावा, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या जागेवर.

जुना फ्लॅट असेल तर इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झाले आहे का ते विचारावे. ते झाले नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकाकडून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येते. महानगरपालिका हद्दीत फ्लॅट हस्तांतरणाचा प्रीमियम पंचवीस हजार रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, मग देणगी म्हणून मागितला तरी. घरातील व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावावर करताना तर प्रीमियम लागतच नाही. आणखी एक गोष्ट कारागीर बांधवांसाठी. राहण्याच्या फ्लॅटमध्ये शिलाई यंत्रांची रांग लावणे किंवा गोदाम करणे सोसायटीच्या परवानगीशिवाय चालत नाही. कामाची जागा वेगळी धरूनच हिशोब करावा.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

सर्वांत जास्त घरे इथे दुभंगतात. वडील थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लिहितात आणि घर त्याचेच झाले असे सगळे धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. मालकी वारसांची, आणि आपल्यात ती शरियतच्या हिश्श्यांनी ठरते.

समजा एक व्यापारी पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी मागे ठेवून गेला, त्याचे आईवडील हयात नाहीत. कर्ज आणि मेहर फेडल्यावर फ्लॅटचे चोवीस भाग करावेत. पत्नीला 3, मुलाला 14 आणि मुलीला 7. नॉमिनी मुलगा असला तरी बहिणीचे सात भाग कुठे जात नाहीत. वसीयत एक तृतीयांशापुरतीच चालते, आणि ती वारसाच्या नावे केली असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

तेव्हा नॉमिनीचा अर्ज जरूर भरावा, पण तो कोणत्या कामासाठी आहे हे पत्नीला आणि मुलींनाही सांगून ठेवावे. शेअर सर्टिफिकेट, नोंदलेला करारनामा, मंजूर नकाशाची प्रत आणि कर्जाचा हिशोब एकाच फाइलमध्ये ठेवावा आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे. दुकानाच्या वहीत आपण पै-पैचा हिशोब लिहितो. घराची वही त्याहून मोठी आहे.