‘पद्धतशीरपणे’ : पायवाटेतून आलेला शब्द

एखादे काम आधी आखून ठरल्या क्रमाने पार पाडले, हे सांगण्यासाठी मराठीत जी क्रियाविशेषणे, म्हणजे क्रिया कशी घडली हे दाखवणारे शब्द, वापरली जातात, त्यांत ‘पद्धतशीरपणे’ हा शब्द चांगलाच रुळलेला आहे. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘पद्धति’ हा शब्द असून, ‘पद्’ म्हणजे पाय आणि ‘हति’ म्हणजे आघात यांच्या संधीतून तो सिद्ध झाल्याने पावलांनी तुडवून तयार झालेली वाट हा त्याचा मूळ अर्थ होय. या संधीत ‘द्’पुढील ‘ह’चा ‘ध’ होतो, आणि म्हणूनच ‘द’ आधी व ‘ध’ नंतर असे ‘पद्धत’ हेच लेखन शुद्ध ठरते; सर्रास दिसणारे ‘पध्दत’ हे रूप चुकीचे आहे. ‘कायदेशीर’, ‘फायदेशीर’ यांतील ‘शीर’ हा प्रत्यय लागून ‘पद्धतशीर’ हे विशेषण, त्याला ‘पणा’ जोडून भाववाचक नाम आणि त्या नामाला तृतीयेचा, म्हणजे साधन किंवा रीत दाखवणाऱ्या विभक्तीचा, ‘ए’ लागून हे क्रियाविशेषण तयार होते.

जवळच्या शब्दांशी ताडून पाहिल्यास त्याचे वेगळेपण ध्यानात येते. ‘विचारपूर्वक’ या शब्दाचा भर कृतीआधीच्या विचारावर असतो, ‘बेताने’ हा शब्द मापाकडे लक्ष वेधतो, तर ‘पुरस्सर’ म्हणजे पुढे चालणारा असल्याने ‘हेतुपुरस्सर’मध्ये कृतीच्या पुढे हेतू चालत असतो. ‘पद्धतशीरपणे’ या शब्दाचा भर मात्र टप्प्यांवर आणि त्यांच्या क्रमावर आहे. त्यामुळे मीठ बेताने घातले जाते, गर्दीत धक्का हेतुपुरस्सर मारला असे म्हणता येते, पण तो ‘पद्धतशीरपणे’ मारला असे कोणी म्हणत नाही, कारण क्षणात संपणाऱ्या क्रियेला टप्पे नसतात.

हेतू चांगला की वाईट, याविषयी हा शब्द मौन बाळगतो. ग्रंथालयातील पुस्तके पद्धतशीरपणे लावली जातात आणि गुन्ह्याचे पुरावेही पद्धतशीरपणे नष्ट केले जातात. बोलीत तर ‘पणे’ गाळून ‘त्याला पद्धतशीर गंडवले’ असे म्हणताना फसवणाऱ्याच्या चिकाटीला उपरोधाने दादच दिली जाते. केवळ वाक्याला वजन यावे म्हणून हा शब्द योजला, तर त्याची धार बोथट होते. ज्या कृतीचे टप्पे दाखवता येत नाहीत, तिच्यासाठी तो न वापरणेच योग्य.