रक्तातील बिंबाणू आणि दुखावलेला मज्जातंतू

बंगळूर शहराच्या बसवनगुडी भागात कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी नंदीच्या जुन्या मंदिरापाशी भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. कन्नड भाषेत तिला ‘कडलेकायी परिषे’ म्हणतात. जत्रेत हिंडणारी माणसे बोलता बोलता शेंगा सोलीत असतात. टरफल किती दाबावे, दाणा कोठे आहे, हे त्यांच्या बोटांना न पाहताच कळते. हे कळणे शक्य होते ते बोटांपासून मेंदूपर्यंत वार्ता नेणाऱ्या मज्जातंतूंमुळे.

मनगटाला काच लागून असा मज्जातंतू तुटला, तर बोटे बधिर होतात आणि पंजाचे काही स्नायू लुळे पडतात. तुटलेल्या तंतूचे पुढे काय होते, हे ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या जिभेतील मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखविले. मूळ पेशीपासून तुटलेला पलीकडचा भाग झिजून नष्ट होतो. अलीकडच्या टोकाला मात्र नवे अंकुर फुटू शकतात. तंतूभोवतीच्या आधारपेशी जुना कचरा दूर करतात आणि ओळीने उभ्या राहून अंकुरांना वाट दाखवितात.

परंतु ही वाढ फार मंद असते. दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाचे टोक १८ सेंटिमीटर दूर असेल, तर तेथे पोचण्यास सहा महिने लागतात. इजा कोपराच्या वर झाली असेल, तर याहून पुष्कळ अधिक. तोवर वाट पाहणारे स्नायू क्षीण होत जातात. म्हणजे हा लढा मुख्यतः काळाशीच आहे.

या लढ्यात रोग्याच्या स्वतःच्या रक्ताचे साहाय्य घेता येईल काय? रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. रक्त गोठविण्यातील त्यांचे कार्य इटलीतील जूलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली दाखवून दिले. या सूक्ष्म कणांत पेशींची वाढ करविणारी द्रव्येही साठविलेली असतात. जखम होताच ती बाहेर पडतात आणि नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतात.

रक्त व मज्जातंतू यांची ही सांगड अगदीच नवी नव्हे. १९४० साली जे. झेड. यंग व पीटर मेडावार यांनी टाक्यांऐवजी गोठणाऱ्या रक्तद्रवाने तुटलेले मज्जातंतू सांधण्याची रीत प्रसिद्ध केली होती. आज रोग्याचे थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवितात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात व बिंबाणूंनी समृद्ध असा रक्तद्रव वेगळा काढता येतो. रक्त गोठू दिल्यास बिंबाणूंनी भरलेला जाळीदार पापुद्राही मिळतो. द्रव्य स्वतःचेच असल्याने शरीर ते परके मानीत नाही.

प्राण्यांवरील अनेक प्रयोगांत अशा द्रव्यांनी तंतूंच्या वाढीस मदत झाल्याचे आढळले आहे. माणसांतील पुरावा अद्याप तोकडा आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू सुजून बधिरता येते. इंडोनेशियातील वैद्यांनी अशा मज्जातंतूंभोवती बिंबाणुयुक्त रक्तद्रव टोचून स्पर्शज्ञान सुधारल्याचे २०१४ साली नोंदविले. बधिर तळव्यांना कुष्ठरोग्यांच्या नकळत जखमा होतात व त्या चिघळतात. अशा जखमांवर बंगळूरमध्ये बिंबाणूंचा पापुद्रा लावून त्या भरून आल्याचा एक छोटा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. येथे एक भेद ध्यानी घ्यावा : जखम भरली, म्हणजे मज्जातंतू बरा झाला असे नव्हे. बधिरता उरली, तर त्याच पायाला पुन्हा जखम होऊ शकते.

म्हणून या उपायाला हमखास इलाज म्हणून पुढे करणाऱ्यांपासून सावध राहावे. तुटलेला मज्जातंतू कुशल शस्त्रवैद्याकडून वेळेवर जोडून घेणे, हीच आजही पहिली पायरी आहे. बिंबाणू फार तर तिला हातभार लावतील. कुष्ठरोगावरील औषधे भारतात शासनाकडून विनामूल्य मिळतात आणि ती लवकर घेतल्यास मज्जातंतूंची पुष्कळशी हानी टळते. हातावर किंवा पायावर बधिर चट्टा आढळला, कापल्यानंतर बोट बधिर राहिले, तर त्याच आठवड्यात वैद्याला दाखवावे. दिवसाला एक मिलिमीटर चालणाऱ्या या वाटसरूला उशिरा निघणे परवडत नाही.