उतारवय आणि विमा, भाग ५ : घासाघीस करायला बंदी

गेल्या भागात अमेरिकेतल्या मेडिकेअरमधून रुग्णालयाचं बिल कसं भागतं ते पाहिलं. घरी आल्यावर रोज घ्यायच्या गोळ्यांचं गणित याहून किचकट आहे. १९६५ साली लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर कायद्यावर सही केली तेव्हा या गोळ्यांची सोय त्यात नव्हतीच. ती व्हायला जानेवारी २००६ उजाडला. या औषधविम्याला ‘पार्ट डी’ म्हणतात.

हा विमा खासगी कंपन्या विकतात, त्यातला मोठा वाटा सरकार भरतं. मात्र २००३ च्या मूळ कायद्यातच एक कलम घालून ठेवलं होतं : औषध कंपन्यांशी चालणाऱ्या भावाच्या बोलणीत सरकारनं पडायचं नाही. कोट्यवधी वृद्धांच्या औषधांचे पैसे ज्यानं मोजायचे, त्यालाच घासाघीस करायला बंदी! माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं तेव्हाही कंपन्यांशी भाव ठरवत होतं, त्यामुळे हे जमण्यासारखं नव्हतं असंही म्हणता येत नाही.

पहिल्या वर्षीचा हिशेब असा होता. सुरुवातीचे २५० डॉलर खिशातून. मग औषधांचा एकूण खर्च २,२५० डॉलरवर जाईपर्यंत चौथा हिस्सा रुग्णाचा. तिथून ५,१०० डॉलरपर्यंत विमा एक पैसाही देत नसे, हप्ता मात्र चालूच. ज्या आजोबांचं इन्शुलिन मार्चमध्ये विम्यातून मिळालं, त्यांनाच भर उन्हाळ्यात फार्मसीच्या काउंटरवर पूर्ण किंमत मोजावी लागे. हा खड्डा २०१० च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं बुजवत आणला आणि २०२० मध्ये तो बुजला.

या खड्ड्यापलीकडच्या खर्चातले रुग्णाच्या वाट्याचे पाच टक्के मात्र तसेच राहिले आणि त्यांना वरची मर्यादा नव्हती. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण रक्ताच्या कर्करोगावरच्या इम्ब्रुविका या औषधाची २०२३ मधली महिन्याची छापील किंमत १४,९३४ डॉलर होती. तिचे पाच टक्के म्हणजे दरमहा सुमारे ७४७ डॉलर, तेही निवृत्तिवेतनातून.

इथे आणखी एक गोम आहे. औषध कंपनी विमा कंपनीला आणि तिच्या मध्यस्थांना मागाहून सूट देते. रुग्णाचा टक्का मात्र बहुधा सूट धरण्याआधीच्या किमतीवर लागतो. सूट वाढवायची तर छापील किंमतही चढी ठेवायची, अशी चटक यातून लागली आणि तिचा भुर्दंड आजारी माणसानं सोसला. हे अन्यायाचं आहे.

ऑगस्ट २०२२ च्या कायद्यानं घासाघिशीवरची ती बंदी प्रथमच सैल केली. २०२३ पासून इन्शुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलरला मिळू लागलं, २०२४ पासून ते पाच टक्के गेले आणि २०२५ मध्ये खिशातून जाणाऱ्या वार्षिक खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली. २०२६ साठी ती २,१०० आहे. पहिल्या दहा औषधांचे सरकारनं ठरवलेले भाव जानेवारी २०२६ पासून लागू झाले. मधुमेहावरची जानुविया त्यात आहे : २०२३ मधली महिन्याची छापील किंमत ५२७ डॉलर, ठरलेली ११३.

याच गोळीतलं सिटाग्लिप्टिन भारतात २०२२ मध्ये पेटंट संपताच कितीतरी स्वस्त झालं. मुलांकडे राहायला अमेरिकेत गेलेले मराठी आईवडील बॅगेत गोळ्यांची पाकिटं का भरून नेतात, ते यावरून कळेल. ग्रीन कार्ड मिळालेल्या, पण तिथे नोकरी न केलेल्या आईवडिलांना मेडिकेअर विकत घेण्याआधीही सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं.

वार्षिक खर्चाच्या त्या मर्यादेत एक मेख आहे. विमा कंपनीच्या यादीत असलेल्या औषधांचाच खर्च त्यात धरला जातो आणि ही यादी दरवर्षी बदलते. म्हणून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात आपली प्रत्येक गोळी, तिची मात्रा आणि नेहमीची फार्मसी मेडिकेअरच्या संकेतस्थळावर घालून पुढच्या वर्षीची योजना ताडून पाहावी. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक राज्यात विनामूल्य सल्ला देणारी सरकारी सोय आहे.