घर ऑफलाइन गेले, हे सांगणार कोण?

परदेशी राहणाऱ्या माणसाच्या मनाचा एक कोपरा कायम गावाकडच्या घरात असतो. पूर्वी त्या कोपऱ्याचे समाधान पोस्टाच्या पत्राने होत असे. ‘आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत’ एवढे एक वाक्य आले की पुढच्या पंधरा दिवसांची बेगमी होई. मजकूर बहुधा तोच असायचा. महत्त्व होते ते पत्र ठरल्या वेळी येण्याला. पत्र चुकले की काळजी सुरू.

आज जिझानच्या रुग्णालयात किंवा विद्यापीठात नोकरी करणारा मराठी माणूस खोलीत बसून रत्नागिरीच्या अंगणातला कॅमेरा पाहू शकतो, आईवडिलांशी समोरासमोर बोलू शकतो. पण हे सारे इंटरनेटच्या एका बारीक तारेवर लोंबकळत असते. ती तार दुपारी तुटली, तर आपल्याला कळते ते रात्री, कॅमेरा उघडायला गेल्यावर. जिझानमध्ये रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि तिकडे दीड. एवढ्या उशिरा म्हाताऱ्या माणसांना उठवायचे का, या विचारात झोप उडते ती आपली. तार तुटल्याबरोबर आपल्याला निरोप यावा, अशी सोय करता येते, आणि ती फार खर्चाची नाही. त्यामागचे तत्त्व मात्र नीट समजून घ्यायला हवे.

तुटलेली तार निरोप कसा आणणार?

पुष्कळांची समजूत अशी की चांगला राउटर घेतला की तोच बिघाड कळवील. पण ज्या तारेने निरोप यायचा, तीच तुटली आहे! म्हणून पहारेकरी घराबाहेर हवा. हा पहारा दोन प्रकारे ठेवता येतो.

पहिला प्रकार दार ठोठावण्याचा. बाहेरचा संगणक ठरावीक वेळाने आपल्या घराच्या इंटरनेट-पत्त्यावर हाक मारतो आणि ओ येते का ते पाहतो. या कामाचा ‘पिंग’ नावाचा प्रसिद्ध प्रोग्रॅम माइक मूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला; नाव घेतले ते पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून. कार्यालयाला स्वतःचा कायम पत्ता असेल तर ही पद्धत उत्तम. घरी मात्र ती बहुधा चालत नाही. कारण अनेक सेवा कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. चाळीच्या मुख्य दरवाजावर टकटक केली, तर आतल्या कोणत्या बिऱ्हाडात दिवा आहे हे कसे कळावे?

दुसरा प्रकार आपल्या खुशालीच्या पत्राचा. घरातले एखादे छोटे यंत्र दर पाच मिनिटांनी बाहेरच्या सेवेला ‘मी आहे’ एवढेच कळवते. ठरल्या वेळेत हा निरोप आला नाही, की ती सेवा आपल्याला इशारा पाठवते. येथे मौन हाच निरोप. घरातून बाहेर जाणाऱ्या निरोपाला सामायिक पत्त्याची अडचण येत नाही, म्हणून घरासाठी हीच पद्धत निवडावी. ‘हेल्थचेक्स’ ही सेवा याच कामासाठी आहे. दार ठोठावण्यासाठी ‘अपटाइम रोबॉट’ आहे. स्वतःच पहारा चालवायचा असेल तर ‘अपटाइम कुमा’ हा मुक्त प्रोग्रॅम आहे. पण तो चालवायचा घराबाहेरच्या संगणकावर, घरात नव्हे.

मांडणी करताना

खुशाली पाठवायला रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक पुरतो. सेवेने दिलेला खासगी वेब-पत्ता दर पाच मिनिटांनी उघडायचा, एवढी एका ओळीची आज्ञा त्याला द्यायची. जुना मोबाइलही चालतो, पण त्यातले सिमकार्ड काढून ठेवावे. नाहीतर घरची तार तुटल्यावर तो मोबाइलच्या जाळ्यातून ‘सर्व ठीक’ कळवत राहील! शिवाय फोन सतत चार्जिंगवर राहिला तर बॅटरी फुगू शकते, तिच्यावर लक्ष ठेवायला हवे.

इशारा लगेच मागू नये. राउटर बंद करून सुरू केला तरी दोन-तीन मिनिटे जातात. पंधरा मिनिटे खुशाली आली नाही तरच इशारा द्यावा, असे ठरवावे. आणि तार जुळल्यावरही निरोप मागावा. रोज चार खोटे इशारे आले तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखे आपण पाचव्याकडे पाहणारच नाही. कोणतीही सेवा अखंड नसते. वर्षात ९९ टक्के वेळ चालणारी तार म्हणजेही साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद असलेली तार.

कार्यालयासाठी एक पथ्य: इशारा कार्यालयाच्याच तारेवर अवलंबून असलेल्या पेटीत किंवा फोनवर पाठवू नये. तो जबाबदार माणसाच्या मोबाइलवर यावा. आणि अर्थातच, कार्यालयात असे यंत्र परवानगीशिवाय बसवू नये.

आता विजेविषयी. जुन्या लँडलाइनला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून वीज मिळे, म्हणून घरातली लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरमधून येतो तो फक्त प्रकाश. घरातली पेटी आणि राउटर घरच्याच विजेवर चालतात. कितीतरी घरांत इन्व्हर्टर पंख्यांना असतो आणि या दोन पेट्यांना नसतो. त्या इन्व्हर्टरवर घेतल्या, किंवा त्यांना लहानसा यूपीएस जोडला, तर बरेचसे इशारे येणारच नाहीत.

तुटले कुठे?

घर आणि आपण यांच्यामध्ये समुद्र आहे, हेही विसरू नये. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारतापासून सौदी अरेबियापर्यंत इंटरनेट मंदावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ल्यात निकामी झालेले ‘रुबीमार’ हे जहाज नांगर ओढत वाहत गेले, त्या सुमारास तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात केबल तुटल्या. त्या नांगरानेच त्या तोडल्या असाव्यात, असा तज्ज्ञांचा कयास आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तेच झाले. जिझान याच समुद्राच्या काठी वसलेले आहे. अशा दिवशी कॅमेरा उघडला नाही, तरी गावचे घर ठणठणीत असू शकते.

म्हणून इशाऱ्याचा अर्थ असा लावावा. खुशाली येत आहे, पण आपल्याला कॅमेरा दिसत नाही: मग बिघाड बहुधा कॅमेऱ्यात, आपल्याकडे किंवा वाटेत आहे. खुशाली थांबली, पण मोबाइलवर फोन लागतो: लाइट गेली असेल किंवा राउटर अडला असेल, सकाळी विचारले तरी चालेल. खुशाली थांबली आणि फोनही लागत नाही: मग माणूसच पाठवायला हवा. दुसऱ्या कंपनीची तार असलेल्या जवळच्या नातेवाइकाकडेही असे यंत्र बसवले, तर घर गप्प आहे की सगळा गाव, हेही समजते.

सगळा गाव गप्प होतो, हे कोकणाने पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांतल्या अनेक गावांशी कित्येक दिवस बोलणे होईना. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची तीच गत झाली. अशा वेळी कोणतेही यंत्र ‘गाव गप्प आहे’ यापलीकडे काही सांगू शकत नाही. आई पलंगावर आहे की पोटमाळ्यावर, हे शेजारीच सांगणार.

तेव्हा वाचकहो, यंत्र बसवाल त्याच दिवशी एक कागदही तयार करा: शेजारी, डॉक्टर, वायरमन, इंटरनेटवाला आणि तालुक्याच्या गावातला एक नातेवाईक. एक प्रत घरी भिंतीवर, एक आपल्याजवळ. यंत्र कशासाठी आहे ते आईवडिलांना समजावून सांगा, म्हणजे आपल्यावर पाळत ठेवली आहे असे त्यांना वाटणार नाही. आणि महिन्यातून एकदा त्यांनाच राउटरचे बटण बंद करायला सांगून वीस मिनिटे थांबा. इशारा आला, तर पहारेकरी जागा आहे. नाही आला, तर दुरुस्ती त्याच दिवशी करा.