ऑपरेशन पोटाचे, दुखणे खांद्याचे



दुर्बिणीचे ऑपरेशन म्हटले की आपल्याला कुटुंब नियोजनाचे शिबीर आठवते. पित्ताशय त्याच रीतीने काढण्याचे भारतातले पहिले ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केले. आता बार्शी-सोलापूरला जाऊन ते करून आलेला माणूस गावोगाव भेटतो. घरी आल्यावर तो म्हणतो, "पोट बरं हाय, पण खांदा ठणकतोय!" मग घरचे घाबरतात, वारं गेलं की काय?

तसे नसते. आत नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायॉक्साइड वायू भरून ते फुगवतात. (आसवनीत मळी आंबताना निघतो तोच हा वायू.) त्याने छाती व पोट यांमधला पडदा ताणला जातो. या पडद्याची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच येतात. एकाच डांबावरून दोन घरांना तारा गेल्यासारखे हे आहे. मेंदू फसतो, कळ खांद्यात समजतो. उरलेला वायू रक्तात शोषून श्वासावाटे निघून जातो आणि दोन-तीन दिवसांत दुखणे थांबते. मात्र छातीत दाब, घाम, धाप असेल तर ते वायूवर ढकलू नये.

दुसरी तक्रार मुंग्यांची. टेबल तिरपे करून, हात ताणून माणूस तास-दोन तास भुलीत पडलेला असतो. बैलगाडीत हात अंगाखाली घेऊन झोपल्यावर जे होते तेच, पण भुलीत कूस बदलता येत नाही. हर्नियाची जाळी बसवताना मांडीची नस दुखावली तर मांडी बधिर होते. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. पण पाऊल उचलत नाही, पकड सुटते, असे असेल तर मालीशवाल्याकडे न जाता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जावे. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एक बाजू लुळी पडणे ही लक्षणे दिसली तर एक तासही घालवू नये. गाडी काढावी.

म्हातारी माणसे भुलीनंतर एक-दोन दिवस असंबद्ध बोलतात. देवऋषी नको, नर्सला सांगा, चष्मा द्या, ओळखीचे माणूस उशाशी बसवा. आणि रोज घेणाऱ्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. दारू एकदम तुटली की तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि दोष बिचाऱ्या दुर्बिणीला लागतो.