पाहुणा आणि त्याची शिदोरी

रोह्याजवळच्या आमच्या घरी नवी शेळी आली, की आजी तिला लगेच गोठ्यात घेत नसे. आठ-पंधरा दिवस तिचा खुंटा परसात, एकटा. "बाहेरचं जनावर काय घेऊन आलंय, ते आधी कळू दे," असे ती म्हणे. मला तो तिचा हट्ट वाटे. पुढे पेणला शिकावयास आल्यावर वन्य प्राण्यांच्या स्थलांतराविषयी वाचले आणि आजीचे शहाणपण ध्यानात आले.

एखादा प्राणी दुसऱ्या रानात नेला, तर तो एकटा जात नाही. त्याच्या रक्तातले जंतू, पोटातले जंत, अंगावरच्या गोचिड्या ही त्याची शिदोरी असते. त्याला तिची सवय झालेली असते. नव्या रानातल्या प्राण्यांना ती नसते. उलट, तिथला रोग पाहुण्यालाही जडू शकतो. प्रवासाच्या धसक्याने अंगात दबलेले दुखणेही उफाळते.

हे भय काल्पनिक नव्हे. १८८७ च्या सुमारास बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी आफ्रिकेत शिरली. दहा वर्षांत ती दक्षिण टोकापर्यंत पोहोचली आणि गुरांसोबत रानरेडेही असंख्य मेले. हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये २३ सिंह दगावले; त्यांतील काहींच्या अंगात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचे विषाणू सापडले.

म्हणून प्राणी हलविण्यापूर्वी त्याचे रक्त व विष्ठा तपासतात, जरूर तर लस टोचतात आणि त्याला काही काळ वेगळा ठेवतात. २०२२ मध्ये नामिबियातून कुनोत आलेल्या ८ चित्त्यांना प्रथम असेच विलग ठेवले होते. सोडल्यावरही गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याने माग ठेवतात आणि एखादा मेला, तर शवविच्छेदन करून कारण शोधतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची वाघीण चांदोलीत आणली, तेव्हा आपल्या सह्याद्रीतही हा विषय दाराशी आला. रोहा व मुरूड तालुक्यांतील फणसाड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. उद्या तेथे एखादा प्राणी आणावयाचा झाला, तर केवळ पिंजरा आणि वाहन पुरणार नाही. भोवतालच्या वाड्यांतल्या कुत्र्यांना लस टोचली आहे काय, गुरे कोठे चरतात, पाणवठा कोणाकोणाचा, हेही विचारावे लागेल. रान आणि गाव यांच्यामध्ये आपण कुंपण घालू. रोगाला ते दिसत नाही.

आजीने जंतू कधी पाहिला नव्हता. पण गोठा वाचवावयाचा, तर पाहुण्याला थोडे थांबवावे लागते, एवढे तिला पक्के ठाऊक होते.